मेरेखालचा कोळसा

खारशेत हे रत्नागिरी जिल्ह्यातले खाडीकाठचे लहानसे गाव. तिथे परकारांच्या दोन भातखाचरांमध्ये जी हद्दीची मेर आहे, तिच्या मध्यावर जांभ्या दगडाचा गुडघाभर उंच खांब उभा असे. हारुन परकाराने आयुष्यात जे रक्त सांडले, आणि त्याचे स्वतःचे जे सांडले, त्या सगळ्याचे मूळ या दगडापाशी आहे.

मरण्याआधी बापाने थोरल्या हारुनला एकट्याला तिथे नेले होते. दगड कलता करून त्याने खालची माती बोटांनी उकरली आणि मूठभर कोळसे दाखवले. “दगड माणसाला दिसतो, म्हणून माणूस तो हलवतो,” बाप म्हणाला. “कोळसा कुणाला दिसत नाही. आणि तो कुजत नाही. हा थोरल्यानेच जाणायचा, आणि मरताना पुढच्या थोरल्याला सांगायचा.” बापाला अक्षरओळख नव्हती. परंतु आपल्या स्मृतिकारांनीही सहस्रावधी वर्षांपूर्वी हेच सांगितले आहे, की सीमेविषयी माणसांना नित्य भ्रम होतो, म्हणून दृश्य चिन्हांखाली गुप्त चिन्हे पुरावीत: अस्थी, तूस, राख, खापरे, कोळसे. ज्ञान असे पोथीवाचूनही वाहत राहते, आणि पोथीवाल्यांप्रमाणेच इतरांच्या हातूनही विटाळते.

कारण बाप गेल्यावर वर्षाच्या आत हारुनने तो दगड धाकट्या अलीमियाँच्या खाचरात दोन हात आत सरकवला. दोन हातांत पिकून काय पिकणार होते? एखादी पायली भात. का सरकवला, हे त्याला त्या दिवशीही सांगता आले नसते. सकाळी अलीमियाँ मेरेवर आला, दगडाकडे पाहिले, भावाकडे पाहिले आणि हसला.

“भाई, दगडाला पाय फुटले काय?”

हारुनने हातातल्या कोयतीची मूठ आवळली.

“आता चालायलाच लागलाय तर दुपारपर्यंत माझ्या चुलीपाशी येईल. बायकोला सांगतो, त्याच्या वाटणीची भाकर थाप.”

हे हसणे हारुनला सोसले नाही. अलीमियाँ दगडाला हात घालून तो मागे ओढायला वाकला, तेव्हा हारुनच्या हातातली कोयती खाली आली. उजव्या हाताची दोन बोटे जांभ्यावर पडली. अलीमियाँ ओरडला नाही. हात काखेत दाबून तो मेरेवर बसला आणि त्या बोटांकडे एखाद्या परक्याची वस्तू पाहावी तसा पाहत राहिला.

पुढच्या शुक्रवारी मशिदीत जमात बसली. हारुनने कुराणावर हात ठेवून सांगितले, की दगड बापाच्या काळापासून आहे तिथेच आहे. अलीमियाँ तो हलवायला आला म्हणून झटापट झाली. थोरल्याचे वचन मानले गेले. ज्याची बोटे तुटली होती, त्यालाच गाव मेरचोर म्हणू लागले. त्या दिवसापासून हारुनला घास गिळणे कठीण झाले. समोरच्या ताटात त्याला तीन बोटांचा हात भात कालवताना दिसे. महिन्याभरात त्याने मुंबईहून आखातात जाणाऱ्या बोटीवर जागा मिळवली. हे १९५४ साल.

त्या किनाऱ्याला अमिरात हे नाव अजून मिळायचे होते. दुबईच्या खाडीवर हारुनने गलबतांच्या खलाशांसाठी भात शिजवला, शारजाला गोऱ्या शिपायांच्या भटारखान्यात कांदे सोलले, अरबी बोली कानाने उचलली आणि नऊ वर्षांत घरी एक अक्षर पाठवले नाही. १९६३ च्या हिवाळ्यात पेनफोल्ड नावाच्या एका वयस्क इंग्रज अधिकाऱ्याने त्याला खानसामा म्हणून ठेवून घेतले. पेनफोल्ड साहेबाने हिंदुस्थानात पंचवीस वर्षे जमीन मोजली होती. त्याची हिंदुस्थानी अस्खलित होती आणि अरबी पुस्तकी, म्हणून खानसामाच त्याची जीभ झाला. कामगिरी अशी, की पूर्वेकडच्या डोंगराच्या पायथ्याशी दोन टोळ्यांमध्ये हद्द आखून द्यायची. एकीला वरच्या पाण्याचे लोक म्हणत, दुसरीला खालच्या पाण्याचे. जमिनीखालून कोरून आणलेल्या एका पाटाचे मुख तिथे होते, आणि ते मुख कोणाचे यावरून दोन हिवाळ्यांत सहा माणसे मारली गेली होती. सहाव्याचे प्रेत सापडले तेव्हा त्याच्या तोंडात पाटातला चिखल कोंबलेला होता.

तंबू पडले. दोन्ही बाजूंचे साक्षीदार येत, शपथा घेत, एकमेकांच्या आयांचा उद्धार करीत आणि निघून जात. एका सकाळी छावणीच्या तोंडाशी साहेबाचे सामानाचे उंट बसले होते तसेच मरून पडलेले आढळले. चारही उंटांच्या माना चिरलेल्या. साहेबाने टोपी काढून क्षणभर उभे राहून पाहिले आणि म्हणाला, “हारुन मियाँ, चहा.”

त्या चहाबरोबर एक ताटली येत असे. पांढऱ्या चिनी मातीवर निळ्या शाईत छापलेले विलायती खेडे: टोकदार कळसाचे देऊळ, पांढऱ्या फुलांनी लगडलेले काटेरी कुंपण, ते ओलांडायच्या लाकडी पायऱ्या, ओढ्यावरचा कमानी पूल, मेंढ्या, एक विशाल ओक, आणि मागे टेकडीच्या उतारावर खडू कोरून काढलेला प्रचंड पांढरा घोडा. ते चित्र पेनफोल्डच्या गावाचे नव्हते. तो म्हणे, डोळे अर्धे मिटले की माझेच आहे. संध्याकाळी त्या ताटलीवर बोट फिरवीत तो आपल्या गावाचे ऋतुचक्र सांगत असे. जानेवारीत गावातले तरुण फिती बांधलेला नांगर दारोदार ओढत नेतात, आणि जो घरमालक त्यांना खाऊपिऊ घालत नाही त्याच्या उंबऱ्यापुढची जमीन नांगरून उद्ध्वस्त करतात. मे महिन्यात कुंपणे हॉथॉर्नच्या फुलांनी पांढरी होतात, पण ती फुले कोणी घरात आणत नाही. आणली तर घरातले माणूस मरते. नोव्हेंबरात गवताचा माणूस करून त्याला जाळतात.

“तुमचं गाव लई रागीट आहे, साहेब,” हारुन एकदा म्हणाला.

पेनफोल्ड खदखदून हसला. मग त्याने हद्द मारण्याची चाल सांगितली.

येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी, जेव्हा गवतात मिल्कवर्टची इवली निळी फुले येतात, तेव्हा त्यांच्या माळा घालून सारे गाव आपल्या शिवेची प्रदक्षिणा करते. पुढे पाद्री, मागे लोक, हातांत विलो झाडाच्या सोललेल्या काठ्या. ओकखाली थांबून प्रार्थना होते. प्रत्येक हद्दीच्या दगडाला काठ्यांनी बडवतात, आणि मग गावातल्या एकेका पोराला. “मी सात वर्षांचा होतो. तिसऱ्या दगडापाशी सख्ख्या चुलत्याने मला उचलून खाजकुइलीसारख्या झुडपांच्या रानात फेकले. पाचव्यापाशी डोके ओढ्यात बुडवले. शेवटच्यावर पालथा घालून इतके मारले, की आठवडाभर मी उभ्याने जेवलो. आज मी साठ वर्षांचा आहे. माझे डोळे बांध आणि तिथे सोड. सातही दगड एकामागून एक दाखवतो. कागद जळतो, हारुन मियाँ. मार विसरत नाही.”

हारुन भांडी घासत होता. हात न थांबवता तो म्हणाला, “तुमच्याकडं पोराला मारतात आणि हद्द जागेवर राहते. आमच्याकडं भाऊ भावाला मारतो आणि हद्द सरकते.”

साहेबाने मान वर केली. परंतु दुसऱ्याच्या आयुष्यात पाय ठेवण्यापूर्वी थांबण्याची रीत त्याला ठाऊक होती. त्याने विचारले नाही.

निकाल ठरायच्या चार दिवस आधी, भर दुपारी, डोंगरावरून एक गोळी आली. ती तंबूच्या कापडातून शिरून स्वयंपाकाच्या पेटीवर उभी केलेली ताटली फोडून गेली. हारुन तिच्यापासून हातभरावर कणीक मळीत होता. चिनी मातीच्या कपच्या त्याच्या गालात घुसल्या. धावत आलेल्या साहेबाने आधी त्याचा गाल पाहिला, मग जमीन.

“ताटली गेली, खानसामा राहिला,” तो म्हणाला. “उलट झाले असते तर आज उपाशी निजलो असतो.”

हारुनने तुकडे वेचले. लहान कपच्या टाकून मोठे सात निघाले: कळस, कुंपण, पायऱ्या, पूल, मेंढ्या, ओक, घोडा. सात तुकडे, आणि साहेबाच्या नकाशावर दगडांच्या सात रासा. रक्ताळलेल्या गालाने तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसला. मग, नऊ वर्षांत प्रथमच, त्याने बापाचे गुपित कोणाला तरी सांगितले. रास उचलून नेता येते; तिच्याखाली चुलीतले कोळसे आणि हे खापर पुरले तर ते कोणाला ठाऊक होणार नाही. साहेबाने त्याचा हात हातात घेतला. अवघ्या मोजणीखात्यात आपल्याला जे कोणी शिकवले नाही ते एका आचाऱ्याने शिकवले, असे तो म्हणाला. त्या तीन दिवसांत फिरण्याच्या मिषाने दोघांनी सातही जागी हातभर खोल खड्डे घेतले, तळाशी एकेक तुकडा ठेवला, वर कोळसे घातले आणि वाळू सारखी केली. कळस सातव्या जागी गेला.

ही सातवी जागा एका जुन्या गाफ वृक्षाच्या पूर्वेस सात पावलांवर होती. गाफ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली शमीच. विजयादशमीला शीव ओलांडून ज्या झाडापाशी जायचे, प्राचीन वीरांनी ज्याच्या फांद्यांत शस्त्रे दडवली, ज्याच्या पोटात अग्नी निजलेला असतो असे आपले पूर्वज मानत, तेच झाड समुद्रापलीकडच्या त्या वाळूतही दोन वैऱ्यांच्या शिवेवर उभे होते. निकालाच्या दिवशी दोन्ही टोळ्यांनी आपल्या बंदुका त्याच्याच फांद्यांना टांगल्या.

वरच्यांचा प्रमुख सालिम, उंच, एक डोळा फुटलेला. खालच्यांचा खमीस, बुटका, दाढी मेंदीने रंगवलेला. प्रत्येकामागे तीसेक माणसे. पहिली रास रचून झाली तेव्हा पेनफोल्डने खजुराच्या झावळीचा सोललेला दांडा हाती घेतला आणि हारुनला म्हणाला, “यांना सांग, दोन्ही बाजूंनी एकेक माणूस द्यावा. माझ्या गावची चाल आहे. इथे त्याला मारायचे, म्हणजे जागा लक्षात राहील.”

“साहेब, हे मी बोलणार नाही.”

“हळूच मारायचे आहे.”

“साहेब, वैऱ्यांच्या देखत परक्याची काठी यांच्या पाठीला शिवली ना, तर हळू काय आन् जोरात काय. त्या बंदुका झाडावरून खाली येतील. पहिला मुडदा तुमचा पडेल, दुसरा माझा.”

“मग आठवण कोणाची राहणार?”

हारुनने सदरा काढला. पुढचे त्याने कधी विचार करून ठरवले नव्हते. पाठ आपोआप पुढे झाली. “मला मारा. मी यांचाही नाही, त्यांचाही नाही.”

तो राशीवर पालथा पडला. साहेबाने तीन फटके मारले, हलकेच. अरबांनी आधी डोळे विस्फारले. मग हारुनने वळून सांगितले, की ही साहेबाच्या गावची दस्तुरी आहे, तिथे हद्द पाठीवर लिहितात. साठ माणसे एकदम हसली. दोन हिवाळ्यांत त्या दोन टोळ्या एकत्र हसण्याचा तो पहिला प्रसंग.

तिसऱ्या राशीपाशी खमीस म्हणाला, “हा असा मारतो जसे बाई गालिचा झटकते.”

“त्याच्या बायकोने शिकवले असेल,” सालिमने उत्तर दिले, आणि आपण वैऱ्याशी बोललो हे ध्यानात येताच तोंड फिरवले.

सातव्या राशीवर सालिमने दांडा मागून घेतला. “वल्लाह, अशाने हा उद्या सकाळी विसरेल.” त्याने जोर लावून एक हाणला. कातडी फाटली. खमीसही मागे राहणार नव्हता. त्याने दोन हाणले. फटक्यांची चढाओढ लागली. साहेब मध्ये पडेपर्यंत हारुनच्या पाठीवरून रक्त ओघळून राशीच्या दगडांवर आले होते. तो ओरडला नाही. बोटे तुटली तेव्हा अलीमियाँही ओरडला नव्हता, एवढेच त्याच्या मनात होते.

त्या संध्याकाळी जखमांना हळद लावताना पेनफोल्ड म्हणाला, “आता हद्द तुझ्या पाठीवर आहे.” हे वाक्य त्याने सन्मान म्हणून उच्चारले होते. पण ते साठ जणांनीही मनातल्या मनात म्हटले होते, आणि पाठीवरची वस्तू पाठीसकट पळवता येते.

अकराव्या दिवशी, शारजाकडे परतताना, घळीच्या वळणावर साहेबाच्या लँडरोव्हरवर गोळीबार झाला. पहिल्या गोळीने ड्रायव्हर संपला. दुसरी पेनफोल्डच्या गळ्यातून गेली. गाडी दगडावर आदळून पेटली. नकाशे, मोजणीवह्या, शपथपत्रे, सगळे जळाले. मागे सामानात बसलेला हारुन फेकला जाऊन वाळूत पडला. साहेबाला ओढून बाहेर काढीपर्यंत त्याचे केस जळले होते. गळा दोन्ही हातांनी दाबून धरला तरी रक्त बोटांमधून येतच राहिले. साहेब काही बोलू पाहत होता. ओठ हलत होते, आवाज जखमेतून येत होता. मग तेही थांबले. गोळी कोणाची होती हे कधीच ठरले नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांचे नाव घेतले, आणि दुसऱ्या सूर्योदयापर्यंत सातही रासा उधळलेल्या होत्या.

जवळच्या गावचा वृद्ध काझी निवाडा करायला यायचा ठरला, तीन दिवसांनी. त्याने निरोप धाडला: प्रत्येक टोळी स्वतःसाठी शपथ घेईल, तिची किंमत शून्य; दोघांपैकी कोणाचाही नसलेला साक्षीदार एकच आहे, तो मार खाल्लेला आचारी. तो दाखवील ती हद्द.

काझी यायच्या आधीच सालिमच्या माणसांनी हारुनला उचलले.

दगडी गोठ्यात, बकऱ्यांच्या लेंड्यांवर, हात मागे बांधून त्याला बसवले होते. सालिम समोर उकिडवा बसला आणि त्याने कॉफीचा पेला स्वतःच्या हाताने हारुनच्या ओठांना लावला.

“हबीबी, तुझ्याशी माझे वैर नाही. सातवी रास कुठे होती?”

“गाफच्या पूर्वेला. सात पावलं.”

“चाळीस,” सालिम म्हणाला. “चाळीस पावलांवर. पाटाच्या मुखाच्या पलीकडे. काझीपुढे एवढा एक शब्द बोल. खलास. माझा उंट तुला दुबईला पोचवील.”

हारुनने नकारार्थी मान हलवली.

“तू कोण आहेस? ना या पाण्याचा, ना त्या. चाळीस म्हटल्याने तुझे काय जाते?”

काय जाते, हे त्या गोठ्यात एकट्या हारुनलाच ठाऊक होते. असा एक शब्द तो पूर्वी बोलला होता. किती सोपा असतो तो! जीभ एकदा वळते, बस्स. आणि मग नऊ वर्षे माणूस घराकडे तोंड करून निजू शकत नाही.

सालिमने कुराण आणवले, स्वच्छ कापडावर ठेवले आणि हारुनचा उजवा हात सोडला. “इथे सराव कर. म्हण, चाळीस.”

हारुनने हात ग्रंथाकडे नेला नाही. काखेत दाबून धरला. तेव्हा सालिमच्या भावाने रायफलचा दस्ता त्याच्या उजव्या गुडघ्यावर उतरवला.

संध्याकाळपर्यंत तीनदा विचारले, तीनदा दस्ता खाली आला. तिसऱ्या वेळी गुडघ्यातून सुके लाकूड मोडल्याचा आवाज आला आणि हारुनची शुद्ध हरपली. पाणी मारून त्याला जागे केले. तेव्हा जिभेच्या टोकाशी एक दुसरेच वाक्य आले, जे खोटे नव्हते: खाली खूण आहे, खणून पाहा. एवढे बोलला असता तरी मार थांबला असता. सालिमने लगेच माणसे पाठवून कोळसा उचलला असता, चाळीस पावलांवर नेऊन पुरला असता, आणि काझीपुढे खुद्द मातीनेच खोटी साक्ष दिली असती. गुप्त चिन्ह तोवरच चिन्ह, जोवर ते दोन्ही बाजूंच्या डोळ्यांपुढे उघडते. हारुनने दातांत स्वतःचा दंड धरला आणि ते वाक्य आत ढकलले. दुसऱ्या दिवशी त्याचे दोन दात पाडले. तिसऱ्या सकाळी सालिमने त्याच्याकडे एका डोळ्याने पाहून म्हटले, “काझीपुढे तरी शहाणा हो. नाहीतर दुसरा गुडघा आहेच.”

गाफखाली दोन्ही टोळ्या उभ्या होत्या. या वेळी बंदुका फांद्यांना नव्हत्या, हातांत होत्या. हारुनला उंटावरून खाली टाकले तेव्हा खमीसच्या बाजूने गलका उठला. काझी खूप म्हातारा होता. त्याने त्या मोडक्या पायाकडे पाहिले, सालिमकडे पाहिले, आणि एवढेच विचारले, “चालता येईल?”

“नाही, हुजूर. सरपटता येईल.”

तो सरपटला. गाफच्या बुंध्याला हात लावून पूर्वेकडे निघाला. पाय वाळूत ओढत होता आणि मागे ओली तांबडी रेघ उमटत होती. सात पावलांचे अंतर त्याला अर्ध्या शिवेएवढे वाटले. डोळे सुजून मिटले होते, तरी पाठीला ठाऊक होते. जिथे पालथे पडून सालिमचा फटका खाल्ला होता, जिथे गाफची आडवी फांदी तिरक्या नजरेने दिसली होती, तिथे आल्यावर पाठीवरच्या खपल्या जणू पुन्हा तडकल्या. तो थांबला आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागला.

“वेडा झालाय,” सालिमचा भाऊ ओरडला. “उचला त्याला. यल्ला!”

“हात लावशील तर बघ,” खमीसने रायफलचा खटका ओढला.

कोणाची तरी गोळी सुटली. ती खमीसच्या पुतण्याच्या खांद्यातून आरपार गेली. तो किंचाळत वाळूवर लोळू लागला. साठ बंदुका खांद्यांना लागल्या. त्या दोन ओळींच्या मधोमध हारुन खणत होता. त्याची नखे फुटली. मग काळे काहीतरी लागले. मूठभर कोळसे त्याने वर काढले, आणि त्यांच्याखालून निळ्या कळसाचा तो तुकडा.

त्याने तो डोक्यावर धरला. “साहेबाची ताटली!” तो ओरडला, पडलेल्या दातांतून शब्दांबरोबर रक्त आले. “तुमच्यापैकी एकाच्या गोळीने फुटलेली. असे अजून सहा आहेत. प्रत्येक राशीखाली एक. ज्याला मी खोटा वाटतो त्यानं खणावं. दोघांनी मिळून खणावं.”

ती ताटली दोन्ही टोळ्यांनी पाहिलेली होती. तिच्यावरच्या घोड्याकडे बोट दाखवून त्यांनी चहा घेतला होता. काझीने तुकडा हाती घेतला, कोळसा बोटांनी चोळला, बोटांवरचा काळिमा सर्वांना दाखवला. मग त्याने दोन्ही बाजूंची दोन-दोन माणसे हारुनने सांगितलेल्या सहा जागांवर पाठवली. मध्याह्न टळेपर्यंत कोणी बंदूक खाली केली नाही. एकामागून एक ओक आला, पूल आला, मेंढ्या आल्या; शेवटी पांढरा घोडा. काझीने ते सात तुकडे वाळूवर जोडले, आणि त्या तप्त भूमीवर एक विलायती खेडे भेगांसह क्षणभर पूर्ण झाले. पेनफोल्ड साहेब ते पाहायला नव्हता.

सालिमने रायफल झाडाला टेकवली. जवळ येऊन तो हारुनच्या तोंडावर थुंकला. मग आपल्या माणसांना म्हणाला, “दगड रचा.”

पाय नीट बसला नाही. दुबईच्या इस्पितळात हारुन चार महिने होता. बाहेर पडला तो काठी घेऊनच. काझीने सहा तुकडे पुन्हा पुरायला लावले होते. सातव्या जागी नुसता कोळसाच परत गेला, कारण कळसाचा तुकडा हारुनने मागून घेतला होता. १९६४ च्या डिसेंबरात तो बोटीवर चढला.

खारशेतात भात कापून झाले होते, खाचरांत खुंट उभे होते. शुक्रवारचा नमाज संपून लोक मशिदीच्या पायऱ्या उतरत होते, तेव्हा एक लंगडा, दात पडलेला माणूस पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, “जमातीनं मेरेवर यावं. मी हारुन.”

लोक आले. अलीमियाँ आला, बराच मागे. त्याची बायको शहरबानू कुंपणापाशी उभी राहिली. हारुन दगडाकडे गेला नाही. त्यापासून दोन हात अलीकडे, आपल्याच खाचराच्या काठावर तो बसला, मोडका पाय बाजूला पसरला आणि उकरू लागला. माती वाळून घट्ट झाली होती. हातभर खाली बापाचा कोळसा निघाला.

“दगड इथं होता. मी सरकवला. मशिदीत खोटा बोललो. अलीनं काही केलं नव्हतं.”

एक म्हातारा जमिनीकडे पाहत राहिला. मेरचोर हा शब्द पहिल्यांदा त्याच्याच तोंडून निघाला होता.

“दहा वर्सं,” शेवटी अलीमियाँ म्हणाला. “दहा वर्सं मी या गावात मान वर करून पाणी भरलं नाही, भाई. पोरीचं लगीन दोनदा मोडलं. मेरचोराची पोर म्हणून. आन् तू आता येतोस, कोळसा दाखवतोस.”

“हां.”

“मग मी काय करू? गळ्यात पडू?”

हारुनने सदरा काढला. पाठीवर जुने वळ पांढरे होऊन बसले होते, आडवेतिडवे, आणि ते पाहून शहरबानूने तोंडावर पदर घेतला. कळसाचा तुकडा त्याने कोळशावर ठेवला, माती लोटली, आणि त्या जागेवर पालथा झाला. कुंपणाकडे हात करून म्हणाला, “निगडीची काठी तोड. सोलून घे. मी तिकडं हे शिकून आलोय. मारल्याबिगर जागा लक्षात राहत नाही.”

अलीमियाँने काठी तोडली. सोलायला त्याला वेळ लागला. पहिला फटका मारायला त्याने हात उचलला, पण तीन बोटांतून काठी निसटून खाचरात पडली. कोणीतरी चुकचुकले. हारुनने मान वळवून पाहिले नाही.

अलीमियाँ वाकला, काठी उचलली आणि डाव्या हातात घट्ट धरली.